कबुतर मंडळातला व्हायरस

फिर्मिन कालुवार्ट कॉम्प्युटरकडून बुद्धिबळात हरत होता, तेवढ्यात पडदा काळा झाला. हरण्याचं त्याला काही वाटत नसे, रोजच हरायचा. पण पडदा काळा होणं कुठल्याच डावात बसत नव्हतं. त्याने तीन बटणं एकदम दाबून यंत्र पुन्हा सुरू केलं, तर काळ्या पडद्यावर पिवळ्या अक्षरांतली एक इंग्रजी ओळ खालून हळूहळू वर सरकत आली. फिर्मिनने शब्दकोश काढला आणि एकेक शब्द लावत मोठ्याने वाचलं.

"पाहुणा आला आहे. दार लावायची तसदी घेऊ नका."

"कोण आलंय?" स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोने, गोडेलीव्हने विचारलं.

"कोणी नाही."

"मग जरा बटाटे सोल."

बटाटे सोलताना फिर्मिनचं सगळं लक्ष यंत्राकडे होतं. सोमवार होता, आणि शनिवारी बूर्जची शर्यत. लिंडेगेम गावात वर्षाचे दोन भाग पडतात, बूर्जच्या आधीचा आणि नंतरचा. गुरुवारी संध्याकाळी गावातली निवडक कबुतरं टोपल्यांत भरून ट्रकने फ्रान्समध्ये बूर्जला जातात, शनिवारी सकाळी तिथून सोडली जातात, आणि मग अख्खं गाव दुपारभर माना वर करून आपापल्या अंगणात उभं राहतं. आता पहिलं घरी पोचलं ते कबुतर पहिलं, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. तसं नसतं. कोणाचं घर गावाच्या अलीकडे, कोणाचं पलीकडे. म्हणून प्रत्येकाचं अंतर आणि लागलेला वेळ यांचा हिशेब करून मिनिटाला किती मीटर हे काढावं लागतं. पूर्वी हे काम पेन्सिलीने चालायचं आणि निकाल लागेपर्यंत निदान एका भागाकारावरून तरी दोन माणसं एकमेकांशी बोलायची बंद व्हायची. फिर्मिन गावच्या कबुतर मंडळाचा चिटणीस झाला आणि त्याने आपला अमिगा कॉम्प्युटर कामाला लावला. टाइपरायटरएवढं मळकट पांढरं यंत्र, कडेला डिस्क घालायची फट. हॉलंडमधल्या ब्रेडा गावच्या एका कबुतरवेड्याने लिहिलेला प्रोग्रॅम त्याने मागवला होता. वेळा भरायच्या, बटण दाबायचं, निकाल हजर. अबोलेही कमी झाले होते.

आणि आता त्या यंत्रात पाहुणा आला होता.

जेवण झाल्यावर त्याने डॉक्टर लुडोव्हिकला फोन केला. लुडोव्हिक हा गावचा दंतवैद्य. त्याच्याकडेही अमिगा होता, आणि जगात निघालेला प्रत्येक खेळ त्याच्याकडे असायचा. तो स्वतः काहीच विकत घेत नसे, नकला करायचा आणि वाटायचा. त्याच्या दवाखान्यातून लोक एक गाल सुजवून आणि खिशात डिस्क घेऊन बाहेर पडत.

"काळा पडदा, पिवळी अक्षरं?" लुडोव्हिक म्हणाला. "म्हणजे लागण झाली."

"कसली?"

"व्हायरसची. यंत्र बंद कर, सावकाश शंभरपर्यंत मोज, मग सुरू कर. तेवढ्याने यंत्रातला जातो. पण डिस्कवरचा तसाच राहतो, आणि ती डिस्क घातलीस की पुन्हा यंत्रात, आणि यंत्रातून पुढच्या डिस्कवर. हल्ली घातलेल्या सगळ्या डिस्का संशयित समज."

"बुद्धिबळाची डिस्क तू दिली होतीस."

"मी दिली तेव्हा ती निरोगी होती," लुडोव्हिक म्हणाला. दात भरल्यावर आठवड्यात तुटला की तो याच आवाजात बोलायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापलीकडून मदाम इर्माने हाक मारली. या शेजारीणबाई विधवा होत्या आणि त्यांच्या कानांवर काळाचा काही परिणाम झालेला नव्हता.

"फिर्मिन, तुमच्या मशीनला व्हायरस झाला म्हणे."

"किरकोळ आहे, मदाम."

"व्हिनेगरने पुसा. माझ्या नवऱ्याचा टाइपरायटर मी दर शनिवारी व्हिनेगरने पुसायची. कधी काही झालं नाही त्याला."

"टाइपरायटरला व्हायरस होत नाही, मदाम."

"तेच म्हणतेय मी."

फिर्मिनने त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तो पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात होता. तिथे अर्ध्या दिवसाची रजा मिळायला कारण लागतं, आणि 'कॉम्प्युटर आजारी' हे कारण साहेबांनी दोनदा वाचून त्याच्याकडे फार सहानुभूतीने पाहिलं. ती सहानुभूती फिर्मिनला गेंटपर्यंत आगगाडीत बोचत राहिली.

गेंटमध्ये एका चर्चच्या तळघरात कॉम्प्युटरवाल्यांचा अड्डा भरायचा. तिथल्या एका दाढीवाल्याने त्याला व्हायरस मारणारी डिस्क दिली. "ही आधी घाल," तो म्हणाला, "मग आपल्या डिस्का एकेक करून दाखव. रोग सापडला की भोंगा वाजेल. शंका आली तर ती तुला विचारेल. नीट वाचून उत्तर दे."

फिर्मिन घरी आला आणि कोट न काढताच कामाला बसला. पहिलीच डिस्क बुद्धिबळाची. भोंगा असा वाजला की गोडेलीव्हच्या हातून झाकण पडलं. फिर्मिनने बटण दाबलं, भोंगा थांबला, व्हायरस मेला. त्याला विलक्षण समाधान वाटलं. तक्रार विभागात काम करणाऱ्या माणसाला एखादी गोष्ट बटण दाबल्यावर खरोखर संपते हा अनुभव नवा असतो. दुसरी डिस्क, भोंगा. तिसरी, भोंगा. हळूहळू त्याला शब्दकोश बघायची गरज वाटेनाशी झाली. भोंगा वाजला की हो म्हणायचं, एवढंच होतं. शेवटी राहिली ती ब्रेडाच्या माणसाची, कबुतरांच्या निकालाची डिस्क. तिच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी सरकवून त्याने तिच्यावर लिहिण्याची परवानगी दिली आणि डिस्क आत सारली. या वेळी भोंगा वाजला नाही. पडद्यावर चांगला लांबलचक इंग्रजी प्रश्न आला. फिर्मिनने हो म्हटलं.

मग निकालाचा प्रोग्रॅम सुरू करून पाहिला. पडद्यावर फक्त एक हात आला, डिस्क धरलेला. हा यंत्राचा स्वतःचा हात. आत डिस्क नसली की तो दिसतो. डिस्क तर आतच होती. फिर्मिनने ती काढली, फुंकली, परत घातली. हात हलेना.

त्याने दाढीवाल्याला फोन लावला. दाढीवाल्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"ती डिस्क आजारी नव्हतीच," तो म्हणाला. "काही जण आपल्या प्रोग्रॅमची सुरुवात स्वतःच्या पद्धतीने लिहितात. औषधाला ती ओळखीची वाटत नाही. पुसू का म्हणून ते विचारतं."

"विचारलं."

"आणि तू?"

"हो म्हटलं."

पलीकडे जी शांतता पसरली ती फिर्मिनच्या ओळखीची होती. तक्रार विभागात तो स्वतःच ती वापरायचा.

ब्रेडाचा माणूस कॅराव्हॅन घेऊन स्पेनला गेला होता. त्याच्या बायकोच्या आईने हे सांगितलं, आणि तिकडे हवा छान आहे हेही सांगितलं. दुसरी प्रत फिर्मिनकडे नव्हती. राहिली पेन्सिल. म्हणजे निकालाला उशीर, भागाकार, भांडणं, आणि मंडळाचा अध्यक्ष सिरील व्हानडोरेन याचं ते हसू. सिरील गावचा खाटीक. कॉम्प्युटर आला तेव्हाच तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "यंत्राला कबुतर कळत नाही." तेव्हापासून तो दर शनिवारी निकालाचा कागद हातात घेऊन, बाजाराला आलेली गाय बघावी तसा उलटसुलट बघायचा.

सभासदांना आधी कळवणं भाग होतं. फिर्मिनने सूचना लिहायला घेतली. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. माणूस अर्धं आयुष्य तक्रार विभागात उत्तरं लिहितो तेव्हा त्याची भाषा अशी होते की वाचणाऱ्याला सगळं कळल्यासारखं वाटावं आणि नक्की काय ते कळू नये. बुधवारी सकाळी मंडळाच्या कॅफेच्या दारावर लागलेली सूचना अशी होती:

'मंडळात व्हायरसचा शिरकाव झाल्याचे निदर्शनास आले असून शनिवारच्या कामकाजावर त्याचा परिणाम संभवतो. ज्या सभासदांनी अलीकडे चिटणिसांच्या घरून काही नेले असेल त्यांनी ते इतरांपासून त्वरित वेगळे ठेवावे, कोणत्याही परिस्थितीत एकत्र करू नये, व शंका असल्यास नष्ट करावे. चिटणीस दिलगीर आहेत.'

त्याने दोनदा वाचली. 'दिलगीर आहेत' हे त्याला विशेष आवडलं.

आता त्याच्याकडून दोघा सभासदांनी जुन्या निकालांच्या डिस्का नेल्या होत्या, हे खरं. पण वसंतात निम्म्या गावाने त्याच्याकडून कबुतरांची पिल्लं नेली होती, हेही तितकंच खरं. आणि काही वर्षांपूर्वी खऱ्या व्हायरसने या भागातली खुराडीच्या खुराडी साफ केली होती. माना वाकड्या होऊन गोल गोल फिरणारी कबुतरं ज्यांनी पाहिली होती त्यांना तो शब्द ऐकूनच घाम फुटायचा.

दुपारी कार्यालयात फोन आला. ओमेर होता, निवृत्त शाळामास्तर, मंडळातला सगळ्यात सज्जन माणूस. त्याच्या जावयाकडे कॉम्प्युटर असल्याचं फिर्मिनला ठाऊक होतं.

"फिर्मिन, सूचना वाचली. माझ्याकडे दोन आहेत तुझ्याकडच्या."

"दोन का? बरं. वेगळ्या ठेवल्या आहेत ना?"

"बुटांच्या खोक्यात. पण नष्ट करायचं म्हणजे कसं रे?"

"सोपं आहे. कात्रीने मधोमध कापा. मास्तर, सुरी नको, घसरते."

पलीकडे खोकं सरकल्याचा आवाज आला.

"दोन्ही?" ओमेर म्हणाला.

"दोन्ही असतील तर दोन्ही."

"मला नाही जमायचं, फिर्मिन. नावं ठेवलीत मी त्यांना."

"नावं घातलेली चांगलीच. नाहीतर कोणती कुठली ते—" असं म्हणता म्हणता फिर्मिन थांबला. फोनमधून बारीकसं घूं घूं ऐकू येत होतं. डिस्का घुमत नाहीत. "मास्तर," तो म्हणाला, "कात्री खाली ठेवा. कृपा करून कात्री खाली ठेवा."

तो सायकलवरून कॅफेकडे सुटला आणि त्याने सूचना फाडून काढली, पण गावाची ती वाचून झाली होती. शेजारच्या गावच्या मंडळाची कबुतरं याच ट्रकमधून जायची. त्यांनी पशुआरोग्य खात्याला कळवलं होतं. फिर्मिन घरी पोचला तेव्हा रबरी बूट आणि पांढरा डगला घातलेले निरीक्षक रोम्बाउट दारात पाय पुसत होते, आणि मदाम इर्मा त्यांना व्हिनेगरबद्दल सांगत होत्या.

रोम्बाउट साहेब उद्धट असते तर बरं झालं असतं. उद्धट माणसाशी भांडता येतं. हे अतिशय सौम्य होते.

"तुम्ही लेखी कबूल केलंय, श्रीयुत कालुवार्ट," ते म्हणाले. "मंडळात व्हायरस आहे म्हणून."

"कॉम्प्युटरमध्ये, साहेब. कबुतरात नाही."

"सूचनेत कॉम्प्युटर हा शब्द नाही."

फिर्मिनने मनातल्या मनात सूचना पुन्हा वाचली. नव्हता.

"माझा तुमच्यावर विश्वास आहे," रोम्बाउट म्हणाले, "पण विश्वासावर मला प्रकरण बंद करता येत नाही. रक्त तपासायला पाठवतो, निकाल पुढच्या आठवड्यात येईल. तोवर लिंडेगेमचं एकही कबुतर गाव सोडणार नाही."

"उद्या संध्याकाळी टोपल्या भरायच्या आहेत, साहेब. बूर्ज आहे."

"ठाऊक आहे मला. वाईट वाटतं." आणि ते खरंच वाईट वाटल्यासारखे उभे राहिले. "दुसरा एकच मार्ग आहे. तुमचा तो व्हायरस मला डोळ्यांनी दाखवा. कॉम्प्युटरमध्ये आहे असं मी स्वतः पाहिलं, तर तसं लिहीन."

फिर्मिन त्यांना हर्षाने आत घेऊन गेला. यंत्र सुरू केलं. बुद्धिबळाची डिस्क घातली. सोंगट्या पटावर नेटक्या मांडल्या गेल्या. त्याने तीन बटणं दाबली. पुन्हा सोंगट्या. पुन्हा दाबली. निरीक्षक मान तिरकी करून बघत होते. आणि मग फिर्मिनला आठवलं, की काल संध्याकाळी, कोट न काढता, आपणच तो शेवटच्या डिस्कपर्यंत मारून टाकला आहे.

"छान खेळ आहे," रोम्बाउट म्हणाले.

त्या संध्याकाळी कालुवार्टांच्या घरात फोन वाजायचा थांबला नाही. शेवटी गोडेलीव्हने रिसीव्हर बाजूला काढून ठेवला आणि सूप वाढलं.

"तू चिटणीसपद सोड," ती म्हणाली.

"सोडायची वेळच येणार नाही. काढतील."

"मग निदान जेव."

गुरुवारी सकाळी फिर्मिन व्हायरस मागायला बाहेर पडला. दोन दिवसांपूर्वी ज्याच्या नायनाटासाठी तो गेंटला गेला होता, त्याचाच एखादा तुकडा कुठे उरलाय का, म्हणून तो दारोदार फिरू लागला. डिस्का नेलेल्या दोघा सभासदांनी सूचना अक्षरशः पाळली होती. एकाने चुलीत घातली होती. दुसऱ्याने कात्रीने कापून तुकडे लखोट्यात भरून ठेवले होते, आणि तो लखोटा त्याने फिर्मिनच्या हातावर ठेवला. "सांगितलंस तसं केलं," तो म्हणाला. त्यात आज्ञाधारकपणा किती आणि टोमणा किती हे फिर्मिनला ठरवता आलं नाही.

लुडोव्हिकच्या दवाखान्यात खुर्चीवर एक बाई तोंड उघडं ठेवून पडल्या होत्या.

"माझ्याकडे व्हायरस नाही," लुडोव्हिक आरशातून बघत म्हणाला. "मी दंतवैद्य आहे, फिर्मिन. माझ्याकडे संसर्ग होता असं गावात पसरलं तर मी काय करू?"

"मी कोणाला सांगणार नाही. तुझी मूळ डिस्क दे फक्त."

"तू सोमवारी फोन केलास तेव्हाच पुसली."

"आणखी कोणाला दिला होतास तो खेळ?"

"एकालाच."

"कोणाला?"

"ते सांगता यायचं नाही. माझ्याकडे येणाऱ्या माणसाची गोष्ट बाहेर जात नाही."

"दातांची जात नसेल. ही डिस्क आहे."

खुर्चीतल्या बाईंनी उघड्या तोंडाने काहीतरी म्हटलं. लुडोव्हिकने घाईघाईने त्यांच्या तोंडात कापूस कोंबला.

फिर्मिन कॅफेसमोरच्या बाकावर येऊन बसला. चौकात लोक घोळक्याने उभे होते. त्याला बघून त्यांचे आवाज खाली गेले, आणि हे त्याला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. संध्याकाळी ट्रक येणार, शेजारच्या गावच्या टोपल्या उचलणार आणि इथे न थांबता निघून जाणार. ओमेरने वर्षभर सांभाळलेला पांढरा नर, सिरीलचा तो तांबडा, ज्याच्यावर सगळ्या गावाची नजर होती, सगळे खुराड्यात बसून राहणार. आणि लोक आयुष्यभर सांगणार, कालुवार्टच्या वर्षी आम्ही बूर्जला गेलो नाही.

त्याच्यासमोर एक सावली पडली. सिरील होता, ॲप्रनसह.

"ये जरा," सिरील म्हणाला.

"इथेच बोल ना. सगळ्यांसमोर बोल. ऐकतो मी."

"ये म्हणतो ना."

सिरीलने त्याला दुकानातून मागे नेलं, टांगलेल्या सॉसेजच्या माळांमधून, थंड खोलीवरून, आणि शेवटच्या एका छोट्या दाराचं कुलूप उघडलं. आत एक टेबल होतं. टेबलावर पांढरं फडकं होतं. सिरीलने फडकं ओढलं. खाली अमिगा.

"हा कोणाचा?" फिर्मिनने विचारलं.

"माझा," सिरील म्हणाला आणि भिंतीकडे बघू लागला. "लुडोव्हिकने मला बुद्धिबळ दिलंय. गेल्या आठवड्यात पिवळी अक्षरं आली. इंग्रजी येत नाही मला. मला वाटलं, जिंकलो."

पुढच्या अर्ध्या तासात रोम्बाउट साहेब बूट वाजवत त्या खोलीत येऊन उभे होते. खोली एका माणसाची, आत तिघे. सिरीलने डिस्क घातली. सोंगट्या मांडल्या गेल्या. फिर्मिनने तीन बटणं दाबली. सोंगट्या. पुन्हा दाबली. पुन्हा सोंगट्या.

"तो रोज येत नाही," सिरील म्हणाला. "मनात आलं की येतो."

"सावकाश," निरीक्षक म्हणाले.

फिर्मिन बाजूला सरकला. आता सिरील बटणं दाबू लागला, आपल्या जाड बोटांनी, कणीक मळावी तसा. बाहेर दुकानात कोणीतरी किमा मागत होतं आणि सिरीलची बायको त्याला, थांबा, नवरा निरीक्षकांबरोबर आहे, असं सांगत होती, आणि हे ऐकून ते गिऱ्हाईक किमा न घेताच निघून गेल्याचं दाराच्या घंटेवरून कळलं. सोंगट्या. रोम्बाउट साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि फिर्मिनच्या मनात आलं की आयुष्यात आपण इतक्या कळवळून कशाचीच वाट पाहिलेली नाही, गोडेलीव्हचीसुद्धा नाही.

पडदा काळा झाला.

पिवळी ओळ खालून वर आली, संथपणे, काही घडलंच नाही अशी.

"काय म्हणतोय?" सिरीलने हळूच विचारलं.

"पाहुणा आलाय म्हणतो."

रोम्बाउट साहेब पडद्याजवळ वाकले. ओळ संपेपर्यंत त्यांनी ती वाचली. मग फळकुटावर कागद टेकवून, एकेक शब्द स्वतःशी पुटपुटत लिहिलं, "व्हायरस प्रत्यक्ष पाहिला. यंत्रात आहे. पक्ष्यांशी संबंध आढळला नाही." सही केली. दारापर्यंत गेले आणि थबकले. "आमच्या मुलीकडेही असंच यंत्र आहे," ते म्हणाले. "तुमचं ते औषध मला मिळेल का?"

"मिळेल," फिर्मिन म्हणाला. "फक्त प्रश्न नीट वाचायचा, साहेब."

ते गेल्यावर सिरीलने हुश्श केलं आणि डिस्कांच्या डब्याचं झाकण लावायला गेला. पण जरा जास्तच घाईने. डबा कलंडला. फिर्मिनने खाली पडलेली डिस्क उचलली. तिच्यावर सिरीलच्या अक्षरात 'मसाले' लिहिलं होतं.

"मसाल्यांना डिस्क कशाला लागते?"

फिर्मिनने यंत्र बंद केलं, सावकाश शंभरपर्यंत मोजलं, पुन्हा शंभरपर्यंत मोजलं, डिस्कवर लिहिण्याची परवानगी बंद आहे ना ते छोट्या खिडकीवरून पाहिलं, आणि ती आत सारली. पडद्यावर पंख पसरलेलं कबुतर उमटलं आणि त्याच्याखाली नावांचे आणि वेळांचे रकाने. ब्रेडाच्या माणसाचा प्रोग्रॅम, धडधाकट.

"हा तुझ्याकडे कुठून आला?"

"लुडोव्हिकने तुझ्या डिस्कची नक्कल केली होती. मी त्याला फासळ्या देतो." सिरीलने ॲप्रनला हात पुसले, ते कोरडेच होते. "तू शनिवारी निकाल लावलास की मी घरी येऊन परत काढायचो. दर शनिवारी."

"का?"

"तुझी ती करडी मादी माझ्या पुढे आली होती ना परवाच्या साली. तेव्हापासून. मला वाटायचं, तू आकडे फिरवतोस."

फिर्मिनचे कान तापले. मंडळासाठी त्याने कॉम्प्युटर आणला, रविवार घालवले, सूचना लिहिल्या, आणि हा माणूस दोन वर्षं मांसाच्या वासात बसून त्याची चोरी शोधत होता. त्याने एक वाक्य मनात जुळवलं. त्यात 'खेद', 'अनपेक्षित' आणि 'राजीनामा' हे तिन्ही शब्द होते. पण तोंडातून वेगळंच निघालं.

"मग? सापडली चूक?"

"नाही."

"एकही नाही?"

"नाही म्हटलं ना." सिरील चिडला होता. "तेच यायचं दर वेळी. शेवटच्या आकड्यापर्यंत तेच."

"मग थांबला का नाहीस?"

"सवय लागली. आणि मग ते बुद्धिबळ." तो स्टुलावर बसला. "राजीनामा देणार असशील तर शनिवारनंतर दे. वेळा भरायला मला फार वेळ लागतो."

गुरुवारी संध्याकाळी ट्रक लिंडेगेमला थांबला. ओमेरने पांढऱ्या नराला टोपलीत ठेवताना फिर्मिनकडे पाहिलं, आणि दोघांनीही कात्रीचा विषय काढला नाही.

शनिवारी दुपारी फिर्मिन अंगणात उभा होता तेव्हा त्याची एकच इच्छा होती, आपलं कबुतर उशिरा यावं. या आठवड्यानंतर, यंत्र आपण चालवायचं आणि पहिलंही आपणच यायचं, हे त्याला सोसणारं नव्हतं. करडी मादी छपरावरून सरळ खाली उतरली, फळीवर टेकली आणि क्षणभरही न रेंगाळता आत शिरली. आकाशात दुसरं कोणी नव्हतं.

"आली," गोडेलीव्ह म्हणाली. "तुझा चेहरा का असा?"

त्याच्या हातात तिच्या पायातली रबरी कडी होती. समोर मोहोरबंद घड्याळ होतं, कडी आत टाकून दांडा दाबला की पोचण्याची वेळ कागदावर उमटवणारं. चार श्वास थांबलं असतं तरी पुरे होतं, आणि कोणालाही कधी कळलं नसतं. फिर्मिनने कडी घड्याळात टाकली आणि दांडा दाबला.

कॅफेत सिरील अमिगा स्वतः उचलून घेऊन आला, भर चौकातून, फडकं न घालता. लोक बघत राहिले, पण कोणाला काही विचारायचं धाडस झालं नाही. घड्याळं उघडली. सिरील वेळा वाचत गेला, फिर्मिन भरत गेला. मग बटण दाबलं.

पहिली, कालुवार्टची करडी मादी. दुसरा, व्हानडोरेनचा तांबडा नर. दोघांत मिनिटाला एका मीटरचाही फरक नव्हता.

फिर्मिन पडद्याकडे बघत राहिला, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते त्याला समजेना. मागच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं, "चिटणिसांचं कबुतर, चिटणिसांचा हिशेब, चिटणिसांचं यंत्र. झक्कास."

"यंत्र माझं आहे," सिरील म्हणाला.

तो नावं लिहायला भिंतीवरच्या फळ्याकडे निघाला होता. तिथूनच, पाठमोरा, बोलला. "आणि दोन वर्षं मी घरी बसून याचे निकाल तपासतोय. एक जरी चूक मिळाली असती तर मी तुम्हा सगळ्यांना दुकानात बोलावून सांगितली असती. मिळाली नाही." त्याने खडू घेतला. "आणखी कोणाला काही म्हणायचंय?"

कोणाला काही म्हणायचं नव्हतं. ओमेरने खुर्ची पुढे ओढून घेतली आणि नीट बसला.

सिरीलने मोठ्या अक्षरांत 'कालुवार्ट' लिहिलं. मग खाली स्वतःचं नाव लिहायला घेतलं आणि खडू मधेच मोडला. तुकडा घरंगळत फिर्मिनच्या पायाशी आला. फिर्मिन वाकला, तो उचलला, आणि सिरीलच्या हातात दिला. सिरीलने नाव पूर्ण केलं.